डावा बाण, उजवी बाही

मी चूक कबूल करत नाही, असं आमच्या घरात सगळे म्हणतात. उगाच बदनामी! चूक झाली तर करीन ना कबूल. तीस वर्षं कपडे शिवतेय. घराच्या पुढच्या खोलीत माझं दुकान आहे. शाळेच्या गणवेशापासून साहेबांच्या कोटापर्यंत सगळं या दोन हातांखालून गेलंय. एखाद्याचा कोट पोटावर आवळत असेल तर कोट कमी पडलेला नसतो, पोट वाढलेलं असतं, आणि मी ते तोंडावर सांगते. तरी लोक परत येतात. यातच काय ते समजून घ्या.

पण परवा भर रस्त्यात, चार माणसांसमोर, आणि त्या चारांत माझी नणंद असताना, मी चूक कबूल केली. का केली ते मीच सांगते, म्हणजे तिखटमीठ लावून दुसऱ्याकडून कळायला नको.

आमच्या सासूबाई बहात्तर वर्षांच्या. रोज संध्याकाळी सायकलवरून पोहण्याच्या तलावावर जायच्या, अर्धा तास पोहायच्या, पाऊण तास तिथल्या बाकावर बसून बाकीच्यांच्या पोहण्याला नावं ठेवायच्या आणि दिवेलागणीला घरी. पंधरा वर्षांचा नेम. सासरे गेले तेव्हा महिनाभर खंड पडला, तेवढाच.

गेल्या महिन्यात परत येताना जरा अंधारून आलं होतं. मागून सामानाची एक गाडी आली. ड्रायव्हरला ह्या दिसल्याच नाहीत. अगदी शेवटच्या क्षणी त्यानं करकचून ब्रेक मारला आणि ह्या सायकलीसकट कुंपणात. कोपर खरचटलं, बाकी काही नाही. उठल्या, अंगावरची पानं झाडली आणि त्या ड्रायव्हरची अशी खरडपट्टी काढली की त्यालाच कोणीतरी बसायला दिलं आणि पाणी पाजलं.

आमचे हे लोकांना मोटार चालवायला शिकवतात. दिवसभर नवशिक्यांच्या शेजारी जीव मुठीत धरून बसायचं, हा ह्यांचा धंदा. त्यामुळे ह्यांना रस्त्यावर दोनच गोष्टी दिसतात, झालेले अपघात आणि व्हायचे अपघात. त्याच संध्याकाळी ह्यांनी सायकलीला कुलूप घातलं.

"आई, सायकल बंद."

"का रे?"

"अंधारात दिसत नाहीस तू कोणाला."

"मी? मी दिसत नाही? अरे, मला बघून लोक रस्ता बदलतात!"

पण हे हलले नाहीत. रात्रीची भांडी आवरताना माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "नुसतं दिसण्याचं नाही गं. मागच्या पंधरवड्यात ती जुन्या तलावावर गेली होती. तो बंद होऊन आठ वर्षं झाली. माझ्याकडे शिकणाऱ्या एकानं बघितलं, फाटकासमोर सायकल घेऊन उभी होती."

"मग? विचारलंत का?"

"विचारलं. म्हणते, सहज बघायला गेले होते. तुला पटतं?"

मला पटत होतं. मीसुद्धा माझ्या जुन्या दुकानावरून मुद्दाम जाते कधी कधी. पण ह्यांच्या चेहऱ्याकडे बघून मी गप्प बसले. "तिचं डोकं जर..." एवढंच म्हणाले आणि पुढचं वाक्य तिथंच ठेवून झोपायला गेले.

मग सुरू झाले आमचे हाल. तलावावर जाणं बंद, म्हणून सासूबाई दिवसभर माझ्या दुकानात. एक खुर्ची अडवून बसायच्या आणि गिऱ्हाइकांशी बोलायच्या. म्हणजे बोलायच्या कसल्या, डोक्यावर मिऱ्या वाटायच्या. एक बाई चांगलं महागाचं कापड घेऊन आल्या. सासूबाईंनी चष्मा वर करून विचारलं, "हा रंग तुम्हाला कोणी सुचवला? तुमच्या वाईटावर आहे का कोणी?" बाई कापड घेऊन गेल्या त्या गेल्याच. मी दात-ओठ खात शिवत राहिले.

पण पाच वाजले की त्यांचा आवाज बंद व्हायचा. घड्याळाकडे बघायच्या, खिडकीतून रस्त्याकडे बघायच्या आणि मग नुसत्या बसून राहायच्या, हात मांडीवर ठेवून. जेवणही अर्ध्यावर आलं. खरं सांगते, त्या गिऱ्हाइकांना पळवत होत्या ते परवडलं असतं. हे मला बघवेना.

आता माझी नणंद. वन्संचं दुरुस्तीचं दुकान आहे, रेडिओ, मिक्सर, फोन, जे बंद पडेल ते. हुशार आहे, नाही कशाला म्हणू? पण आपण हुशार आहोत हे तिलाही माहीत आहे, आणि तिथंच आमचं बिनसतं. मी एक म्हटलं की ती दोन म्हणणार. माझ्या लग्नात तिनं माझ्याच पोशाखाची शिवण तपासली होती, आतून, उलटी करून! ते मी विसरलेली नाही.

एका रविवारी ती आली, आईकडे बघितलं, भावाकडे बघितलं आणि म्हणाली, "आई दिसत नाही, एवढंच ना? मग दिसेल असं करू. वहिनी, तुम्ही जॅकेट शिवा. दिवे मी लावते. पाठीवर दोन बाण, डावीकडे वळायचं तर डावा लुकलुकेल, उजवीकडे तर उजवा. खाली लाल पट्टी, सतत पेटलेली. मोटारीला असतं तेच."

सासूबाई खुर्चीतून अशा उठल्या की जणू जॅकेट तयारच आहे. "पिवळं शीव गं. झगझगीत पिवळं. त्या ड्रायव्हरचे डोळे दिपले पाहिजेत."

ह्यांनी आढेवेढे घेतले. मग मास्तरांसारखा आवाज काढला. "ठीक आहे. परीक्षा घेईन. माझ्याकडे शिकणाऱ्यांची घेतो तशीच, फॉर्म भरून. चार वळणं. सिग्नल बरोबर, वळण बरोबर, तर सायकल तुझी. नाहीतर सायकल विकून टाकायची आणि हा विषय या घरात पुन्हा निघणार नाही."

"मी तुला चालायला शिकवलं तेव्हा फॉर्म भरला होता का रे?" सासूबाई म्हणाल्या. पण कबूल झाल्या. दुसरा मार्गच नव्हता.

कामाला लागलो. वन्संनी नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या जाड कापडाच्या, एका चौकोनी तुकड्यावर मुगाएवढ्या दिव्यांचे दोन बाण बसवले, मध्ये नाण्याएवढी सर्किटची चकती. त्या तुकड्यापासून बाह्यांपर्यंत वायर नको, वायर टोचते आणि कपडा पडतो विचित्र. म्हणून तिनं मला एक करडा दोरा आणून दिला. दिसायला दोरा, पण पोलादाच्या तंतूंचा, आणि त्यातून वीज जाते. तो सुईत ओवायचा आणि नेहमीसारखे टाके घालत बाहीच्या टोकापर्यंत न्यायचा. तिथं अंगठ्याजवळ एकेक छोटं बटण. डाव्या बाहीचं दाबलं की डावा बाण, उजव्या बाहीचं दाबलं की उजवा.

मी पहिल्यांदा शिवलं ते इतकं सुबक शिवलं की काय सांगू! दोन्ही दोरे अगदी जवळजवळ, समांतर, एका शिवणीत. सासूबाईंनी अंगात घातलं, वाकून चप्पल शोधायला गेल्या आणि सगळे दिवे विझले. वर म्हणतात कशा, "अगं, पाठ छान शेकतेय. थंडीतलं आहे का हे?"

वन्सं ओरडतच धावली आणि बॅटरी काढून घेतली. बॅटरीच्या धन आणि ऋण अशा दोन बाजूंचे दोरे एकमेकांना टेकले होते.

"वहिनी, या दोघांनी एकमेकांना टेकायचं नाही. असं समजा, एक दोरा तुम्ही, एक मी."

"मग त्यांच्यात हातभर अंतर ठेवते," मी म्हटलं, आणि ठेवलंही. सगळं उसवून पुन्हा शिवलं. त्या नमद्याच्या तुकड्याच्या मागच्या बाजूला वन्संनी पेनानं खुणा केल्या होत्या, एका बाणामागे 'डा', दुसऱ्यामागे 'उ'. डाव्या बाहीचा दोरा 'डा'ला, उजवीचा 'उ'ला. यात न समजण्यासारखं काय आहे? दिव्यांची बाजू खाली, अस्तराची बाजू वर ठेवून मी दोन दुपारी ते काम करत होते.

संध्याकाळी वन्संचा फोन आला. "अस्तर बंद करण्याआधी एकदा कोणाच्या तरी अंगात घालून मागून बघा हं, वहिनी. नक्की बघा."

मी म्हटलं, "बघते."

आणि नाही बघितलं. विसरले नव्हते मी. बघितलं नाही, कारण ते तिनं सांगितलं होतं. तीस वर्षं शिवणारीला ही सांगणार, अंगात घालून बघा! मी अस्तराला बारीक टाके घातले, दोरा दातानं तोडला आणि दिवा मालवला.

सकाळी सासूबाईंनी जॅकेट घातलं आणि आरशाकडे पाठ करून, मान वळवून वळवून बघितलं. बटणं दाबली. बाण लुकलुकले, एकदा हा, एकदा तो. आम्ही दोघींनी टाळ्या वाजवल्या. आता आरशात पाठमोरं बघून डावं कुठलं नि उजवं कुठलं हे कोणाला कळलंय? त्या मात्र नव्या गणवेशातल्या पोरीसारख्या घरभर फिरत होत्या, भिंतीला पाठ लावून भिंतीवर उजेड पाडत होत्या.

परीक्षा संध्याकाळी साडेपाचला. सासूबाई सायकलवर पुढे, मागे शिकवणीची गाडी. हे चालवणार म्हणून फॉर्म भरायचं काम माझ्याकडे. पुठ्ठ्याला लावलेला तो फॉर्म मांडीवर घेऊन मी बसले. ठरलेला रस्ता असा, औषधांच्या दुकानापाशी उजवीकडे, वन्संच्या दुकानापाशी डावीकडे, मग चौकातल्या गोलाला वळसा, आणि शेवटी आमच्या गल्लीत डावीकडे.

सासूबाई निघाल्या. पिवळं जॅकेट, लाल पट्टी, पाठ ताठ. ह्यांच्या तोंडून नकळत निघालं, "दिसते तर छान." माझा ऊर भरून आला.

औषधांचं दुकान आलं. सासूबाईंनी उजवा अंगठा दाबलेला मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. आणि पाठीवर लुकलुकला डावा बाण. त्या उजवीकडे वळल्या.

"लिही," हे म्हणाले. "पहिलं वळण. सिग्नल चूक."

क्षणात सगळं कळलं. वन्संनी 'डा' लिहिलं होतं ते तुकडा पालथा ठेवून, मागून बघत. दुरुस्तीवाले नेहमी मागूनच बघतात. मागून जे डावीकडे दिसतं ते समोरून, म्हणजे दिव्यांच्या बाजूनं, उजवीकडे असतं. आणि आम्हा शिवणाऱ्यांचं डावं म्हणजे घालणाऱ्याचं डावं, कपडा कसाही ठेवा. तिचं 'डा' एक, माझं 'डा' दुसरं. एकदा अंगात घालून मागून बघितलं असतं तर दोन मिनिटांत कळलं असतं. मी बघितलं नव्हतं.

मी तोंड उघडलं. आणि मग आठवलं, पुढचं वळण वन्संच्या दुकानापाशी आहे. ती दारात उभी असणार, हात बांधून. मी तोंड मिटलं. म्हटलं, चार वळणं आहेत, एक चूक हे सगळ्यांनाच माफ करतात, पुढचं पुढे बघू. आणि माझ्याच हातानं त्या रकान्यात फुली मारली. लाज वाटते सांगायला, पण मारली.

दुसरं वळण. वन्सं खरंच दारात होती. सासूबाईंनी डावा अंगठा दाबला, उजवा बाण लुकलुकला. मागून येणाऱ्या एका स्कूटरवाल्यानं तो बघितला आणि बिचारा शहाण्यासारखा डावीकडून पुढे निघाला. आणि ह्या वळल्या डावीकडेच. त्यानं कसाबसा ब्रेक मारला. कोणी पडलं नाही, लागलं नाही. पण तो ओरडला, "ओ आजी, डावं-उजवं कळतं का?"

ह्यांनी गाडी कडेला घेतली. मला वाटलं आता चिडणार. चिडले असते तर बरं झालं असतं. ह्यांनी फक्त इंजिन बंद केलं, दोन्ही हात चाकावर ठेवले आणि म्हणाले, "मला माहीतच होतं गं." आवाज ओला होता. मग उतरले आणि आईजवळ गेले. मी मागून.

"आई," इतक्या हळू आवाजात मी ह्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं. "राहू दे आता. चल, घरी जाऊ. सायकल मी घेतो."

"का? काय झालं?"

"तू उजवीकडचा सिग्नल दिलास आणि डावीकडे वळलीस. त्याआधीही तसंच केलंस."

"नाही रे. मी डावाच दाबला." सासूबाईंनी डावा हात वर केला, त्याच्याकडे बघितलं. मग उजवा वर केला, त्याच्याकडे बघितलं. मग पुन्हा डावा. "डावाच दाबला ना मी? मला तर वाटलं..."

ज्या बाईनं आयुष्यात कोणाचा एक शब्द उत्तर दिल्याशिवाय सोडला नाही, ती बाई भांडली नाही. स्वतःच्या दोन हातांकडे बघत उभी राहिली, जणू ते कोणा दुसऱ्याचेच आहेत. आणि मग सायकलचा हँडल निमूटपणे ह्यांच्या हातात दिला.



"चूक माझी आहे!" मी ओरडले. एवढ्यानं ओरडले की समोरच्या न्हाव्याची कात्री थांबली आणि अर्धवट कापलेलं डोकं दारात येऊन बघायला लागलं. तो स्कूटरवाला जायला निघाला होता, तोही थांबला. "आईंनी बरोबरच दाबलं. मी दोरे उलटे जोडलेत. वन्संनी मागून लिहिलेलं मी पुढून वाचलं. आणि तिनं अंगात घालून बघा म्हणून सांगितलं होतं, ते मी बघितलं नाही!"

वन्सं पायरी उतरून आली. "काय म्हणालात, वहिनी?"

"ऐकलंत तुम्ही."

"नाही हो. रस्त्यावर आवाज फार आहे. परत म्हणा."

जीव जळत होता, पण परत म्हटलं. सावकाश, शब्द न् शब्द. तिच्या चेहऱ्यावर जे पसरलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण मग तिची नजर आईकडे गेली, आणि हसू विरलं. "मीही समोरून लिहायला हवं होतं," ती पुटपुटली. "चूक अर्धी माझी." स्कूटरवाला नुसतं "माफ करा, आजी," म्हणाला आणि सटकला.

माझी बाही धरून सासूबाईंनी मला चार पावलं बाजूला नेलं. बोटं गार पडली होती त्यांची.

"खरं सांग," त्या कुजबुजल्या. "मला वाचवायला खोटं तर बोलत नाहीस ना? मी तशी झालेय का? असले तर सांग. मला दुसरं कोणी सांगणार नाही."

मी म्हटलं, "आई, तीस वर्षांत मी एक तरी चूक कबूल केलीय का?"

त्यांनी विचार केला. "नाही."

"वन्संसमोर?"

"शक्यच नाही."

"मग खोटं बोलायला मला दुसरं काही सुचलं नसतं का?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांचे खांदे वर आले, मान ताठ झाली आणि एकदम डोळ्यांत ती जुनी चमक. "म्हणजे माझं डोकं ठिकाणावर आहे."

"आहे."

"आणि तुझं नाही."

"नाही," मी म्हटलं. एवढं झालंच होतं, आणखी एक.

हे डोळे पुसत जवळ आले. "बरं झालं बुवा. ताई, तू हे दुरुस्त करून दे, पुढच्या आठवड्यात परत परीक्षा घेऊ."

"पुढचा आठवडा कशाला?" सासूबाईंनी ह्यांच्या हातातून सायकल ओढून घेतली. "आत्ता. पहिल्यापासून."

"अगं, पण बाण उलटे आहेत!"

"मग मी बटणं उलटी दाबीन."

"गोंधळशील, आई."

"बघू या कोण गोंधळतं ते. मास्तर, बसा गाडीत."

दुकानाला कुलूप लावून वन्सं मागच्या सीटवर येऊन बसली. ही मजा ती सोडणार होती थोडीच! परत आमच्या दारापासून सुरुवात. तोवर चांगलं अंधारलं होतं, आणि ते पिवळं जॅकेट पुढे असं पेटलं होतं की येणारे-जाणारे लोक थांबून बघत होते.

मी फॉर्मवर पेन रोखून बसले होते आणि मनात जुळवत होते, उजवीकडे जायचंय, म्हणजे डावं दाबायला पाहिजे, म्हणजे उजवा बाण... आणि माझी जुळवाजुळव होईपर्यंत त्या वळून मोकळ्या! उजवा बाण, उजवं वळण. बरोबर. वन्संच्या दुकानापाशी उजवा अंगठा, डावा बाण, डावं वळण. बरोबर. ना हात अडखळला, ना सायकल डगमगली. गोलाला तर त्यांनी एकाच्या जागी दोन वळसे घातले, एका हातानं एका ओळखीच्या बाईंना टाटा करत.

"दोनदा का फिरतेय ती?" हे म्हणाले.

"मजा करतेय," मागून वन्सं म्हणाली. "फॉर्ममध्ये मजेचा रकाना नाही वाटतं?"

मी तिरप्या डोळ्यानं ह्यांच्याकडे बघितलं, ओठ हलत होते. बरोबर, बरोबर, बरोबर, असं स्वतःशीच.

राहिलं शेवटचं वळण. डावीकडे आमची गल्ली, घर. उजवीकडे तलावाचा रस्ता. सासूबाई कोपऱ्यावर आल्या, दोन्ही बाजूंना नीट बघितलं आणि डावा अंगठा दाबला. पाठीवर उजवा बाण लुकलुकला. आणि त्या उजवीकडे वळल्या.

"अरे, चुकली! चुकली ना?" हे एकदम पुढे झुकले.

"चुकली कुठली," वन्सं म्हणाली. "उजवा बाण, उजवं वळण. पोहायला निघालीय."

"पोहायला? फेरी कुठं संपलीय? मी अजून पास कुठं म्हटलंय?" ह्यांनी गिअर टाकला. "एवढ्या अंधारात एकटी! थांबवतो तिला, आडवी घालतो गाडी."

गाडीनं हिसका दिला, पुढे झाली आणि जागच्या जागी थांबली. शिकवणीच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक असतो, शिकवणाऱ्याच्या पायाशी. आज ह्यांच्या जागी मी बसले होते. मी तो दोन्ही पायांनी दाबला होता.

हे माझ्याकडे बघतच राहिले. "पाय काढ."

"नाही काढणार."

"अगं, ती एकटी आहे!"

"पंधरा वर्षं एकट्याच जात होत्या."

ह्यांनी पुन्हा रेटून बघितलं. इंजिन गुरगुरलं आणि बंद पडलं. मागच्या सीटवरून माझ्या खांद्यावर एक हात आला. वन्संचा. लग्न झाल्यापासून तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवलेला मला आठवत नाही. "काढू नका, वहिनी," ती म्हणाली.

मग हे चाकावरचे हात खाली घेऊन बसले. उजवीकडच्या रस्त्यावर लाल पट्टी लांब लांब जात होती.

"मला भीती वाटते गं," हे म्हणाले.

"त्यांनाही वाटते," मी म्हटलं. "मघाशी मला विचारत होत्या, मी तशी झालेय का म्हणून. तरी गेल्या ना?"

लांबवर पुन्हा एक बाण लुकलुकला, डावा, आणि ती लाल पट्टी डावीकडे वळून दिसेनाशी झाली. तेव्हा मी पाय उचलला. ह्यांनी गाडी सुरू केली, डावीकडचा सिग्नल दिला आणि आम्ही घरी आलो.